एकेचाळीस ते सत्तेचाळीस

काउंटीचं नाव मी लिहीत नाही. ती माणसं अजून तिथेच खेळतात आणि त्यातले बरेच जण चांगले आहेत. मला एकाच माणसाशी मतलब होता. फिनबार क्विल, त्या टीमचा मॅनेजर.

माझं नाव बबन. स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये एकोणतीस वर्षं फोर्कलिफ्ट चालवली, आता रिटायर आहे. घर लंडनच्या हॅरोमध्ये. माझी बायको द्रौपदी हॉस्पिटलच्या ए अँड ईमध्ये, म्हणजे इमर्जन्सीत, नर्स होती, एकतीस वर्षं. आम्हाला मूल नाही. दोन घरं सोडून समर राहायचा, तो बारा वर्षांचा असल्यापासून आमच्याकडे जेवायचा. त्याच्या आईची शिफ्ट असली की द्रौपदी त्याला गाडीतून ट्रेनिंगला न्यायची. तिथूनच हा खेळ आमच्या घरात शिरला.

गेलिक फुटबॉल हा आयरिश लोकांचा खेळ. इंग्लंडमध्येही काउंटी-काउंटीच्या टीम आहेत. एका बाजूला पंधरा जण. चेंडू हातात घेता येतो, पायानेही मारता येतो. गोलचे खांब खूप उंच असतात आणि मधे एक आडवा दांडा. दांड्याखालून जाळ्यात मारला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांड्यावरून, दोन खांबांच्या मधून गेला तर एक गुण. बाकीचे नियम मला कळायला चार वर्षं लागली.

समर चांगला खेळायचा. शाळेत आयरिश पोरं होती, त्यांच्यात शिकला आणि विसाव्या वर्षी काउंटीच्या टीममध्ये गेला. द्रौपदी ट्रेनिंगला उभी असायची, कुणाचा घोटा मुरगळला, कुणाची भुवई फुटली की तीच धावायची. शेवटी टीमने तिला एक बॅग दिली आणि टीमचं जाकीट दिलं. ती त्यांची मेडिक झाली. पगार नाही, काही नाही. दर रविवारी चहाचा थर्मास भरून जायची.

मागच्या वर्षी जूनमध्ये सेमीफायनल होती. बारा मिनिटं राहिली असताना समरच्या डोक्याला कुणाचा तरी गुडघा लागला. तो उठला, हसला, सगळ्यांना अंगठा दाखवला. द्रौपदी आत गेली. तिने विचारलं, आज वार कोणता, स्कोअर किती. वार त्याने बरोबर सांगितला, स्कोअर चुकला. तिने त्याला हाताला धरून बाहेर आणलं, बाकावर बसवलं आणि त्याचे चेंडू पकडायचे ग्लोव्ह्ज काढून स्वतःच्या जाकिटाच्या खिशात घातले, कारण नजर चुकवून तो पुन्हा आत पळेल हे तिला माहीत होतं. क्विल तिच्या अंगावर ओरडत आला. ती म्हणाली, "मॅच संपल्यावर ऐकते तुझं."

टीम एका गुणाने हरली.

चेंजिंग रूमच्या दाराशी मी उभा होतो. क्विल आत बोलला ते मी माझ्या कानांनी ऐकलं. "आज आपल्याला समोरच्या टीमने नाही हरवलं. एका म्हातारीने हरवलं." द्रौपदी आतच होती, बॅग भरत होती. समर मान खाली घालून बसला होता. घरी येताना गाडीत तो हॅरो येईपर्यंत बोलला नाही. उतरताना म्हणाला, "काकी, तू माझं फायनल खाल्लं."

"खाल्लं तर खाल्लं," द्रौपदी म्हणाली. "झोपताना मम्मीला सांग, रात्री दोनदा उठवून बघायचं."

तीन आठवड्यांनी काउंटीच्या कमिटीचा मेल आला. तिने मला तो भाजी चिरता चिरता वाचून दाखवला. अनुभवाचा अभाव, घाबरट स्वभाव, अनावश्यक हस्तक्षेप. पुढच्या सीझनपासून तुमची गरज नाही, आजवरच्या सेवेबद्दल आभार. 'अनुभवाचा अभाव' वाचून ती हसली. दुसऱ्या दिवशी बँडेज, टेप, बर्फाच्या पिशव्या, सगळं नवीन आणून तिने बॅग पूर्ण भरली आणि परत देऊन आली.

सप्टेंबरमध्ये पोटाचा कॅन्सर निघाला. डिसेंबरमध्ये ती गेली.

शेवटच्या आठवड्यात, दुपारी, मी तिच्या पायांना क्रीम लावत होतो. ती म्हणाली, "अहो, त्या दिवशी माझं चुकलं असेल का हो? पोरगा बरा असेल कदाचित."

मी म्हटलं, वेडी आहेस का. तिने मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं.

कॅन्सर काही क्विलने दिला नाही, तेवढी अक्कल मला आहे. पण एकतीस वर्षं जिने कुणाला घरी पाठवायचं, कुणाला ठेवून घ्यायचं हे ठरवलं आणि कधी झोप घालवली नाही, तिला मरताना तो प्रश्न पडला. तो क्विलने तिच्या डोक्यात घातला. ते मी सोडणार नव्हतो.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम हॅरोच्या कम्युनिटी हॉलमध्ये झाला. मिल्टन कीन्सहून, स्लाऊहून आपली माणसं आली. त्रिशरण, पंचशील झालं. एक जण मैत्रीभावनेवर चांगलं बोलला असं नंतर सगळे म्हणाले. मी दाराकडे बघत होतो. काउंटीकडून कुणी आलं नाही. समर आला, दहा मिनिटं मागे उभा राहिला आणि माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काका, सॉरी, ट्रेनिंग आहे. फिनबारने ऑप्शन नाही दिला."

त्या दिवसापासून मला दोन गोष्टी हव्या होत्या. क्विलची सगळ्यांसमोर फजिती व्हावी, आणि द्रौपदी बरोबर होती हे कमिटीने कागदावर लिहून द्यावं.

*

हिलेल पेणकर हा रेफरी. मुंबईचे मराठी ज्यू आहेत ना, त्यांच्यातला. साठीला आलाय. कॅथलिक शाळेत पीई टीचर होता, तिथे आयरिश पोरांनी त्याला हा खेळ शिकवला आणि मग तोच शिट्टी घेऊन उभा राहिला. शनिवारी मॅच घेत नाही, रविवारी कुठेही जातो. द्रौपदीने त्याला शोधला होता. एका मॅचला तो फाऊल देता देता पुटपुटला, "काय रे हा गाढवपणा," आणि लाईनवरून ही ओरडली, "अहो रेफरी, मराठी का?"

जानेवारीत तो घरी आला. बराच वेळ बसला. मग म्हणाला, "बबन, घरात बसून काय करतोस? माझ्याबरोबर अंपायर म्हणून ये. माणूस मिळत नाही मला."

या खेळात प्रत्येक गोलजवळ दोन अंपायर असतात, एका खांबाला एक. पांढरा कोट घालायचा. एक गुण झाला की पांढरा झेंडा, गोल झाला की हिरवा. आता लांबून मारलेल्याला दोन गुण मिळतात, त्याला नारिंगी. बाहेर गेला तर डोक्यावर हातांची फुली. आणि कार्डावर प्रत्येक स्कोअर मिनिटासकट लिहायचा. रेफरी आपले चारही अंपायर स्वतः आणतो, बहुधा घरचेच. हिलेलची बहीण एलिझा गेली सहा वर्षं त्याच्याबरोबर उभी राहते.

"क्विलच्या मॅच असतील तुझ्याकडे?" मी विचारलं.

"असतील. तीन-चार." त्याने माझ्याकडे पाहिलं. "मनात काही असेल तर आत्ता सांग. मी दुसरा बघतो."

"काही नाही," मी म्हटलं.

मार्चमध्ये लीग सुरू झाली. पहिल्या दिवशी कोट घातला तर बाह्या कोपरापर्यंत. एलिझा म्हणाली, "अगदी डॉक्टर. एवढी वर्षं फोर्कलिफ्टवर फुकट घालवलीस."

"तू कोण मग, नर्स?"

"मी मेट्रन. झेंडा नीट धर, छत्री नाहीये ती."

क्विल मला बघून लाईनवरून आला. हात पुढे केला. "तुझ्या बायकोचं कळलं. वाईट झालं." मी हात मिळवला. माझ्या हातात झेंडा होता तो मी दुसऱ्या हातात घेतला आणि मिळवला. मला तो माणूस जवळून बघायचा होता. बिल्डर आहे, जाड मनगटं, निळे डोळे. मला वाटलं होतं त्याला ओशाळल्यासारखं होईल. तसं काही दिसलं नाही. तो विसरला होता. त्याच्या दृष्टीने मागचा सीझन संपला होता.

एप्रिलमध्ये मी एकदा लबाडी केली, ती लिहूनच टाकतो. त्यांच्या एकाने मारलेला चेंडू माझ्या खांबावरून गेला, इतका उंच की खांब आणखी वर असता तर कुठे असता याचा अंदाज करावा लागतो. चेंडू आत होता. मी डोक्यावर फुली केली. एलिझा पलीकडच्या खांबावरून म्हणाली, "आत होता रे."

"बाहेरून गेला."

"बरं. खांब तुझा."

ते सात गुणांनी जिंकले. क्विलला कळलंही नाही. घरी येताना ट्रेनमध्ये मला स्वतःचीच लाज वाटली, आणि ती लबाडीची नव्हती. एवढ्याशा चोरीवर मी समाधान मानायला निघालो होतो, त्याची होती. त्याला कळलं पाहिजे होतं. त्याचं नुकसान कशासाठी होतंय हे त्याला तोंडावर कळलं पाहिजे होतं.

लीग ते जिंकत गेले. मेमध्ये एक ड्रॉ, बाकी सगळ्या जिंकल्या. समर प्रत्येक मॅचला पाच-सहा गुण मारायचा. स्कोअर झाला की माझ्यासमोरूनच मागे पळायचा आणि मीच त्याच्यासाठी झेंडा वर करायचो. कधी म्हणायचा, "काका, मस्त ना?" मी कार्डावर मिनिट लिहायचो. त्याला मी माफ केलं नव्हतं, पण त्याच्याबद्दल मी फारसा विचारही करत नव्हतो. माझं लक्ष क्विलकडे होतं. नवीन मेडिक म्हणून त्यांनी एक फिजिओ मुलगी आणली होती. ती प्रत्येक वेळी आत जायच्या आधी क्विलकडे बघायची. तो मान हलवायचा, मग ती जायची. द्रौपदी कुणाकडे बघत नसे.

*

फायनल जुलैच्या तिसऱ्या रविवारी होती. ऊन होतं, गर्दी चांगली होती. दुसऱ्या हाफमध्ये क्विलची टीम आमच्या गोलकडे खेळायला लागली, म्हणजे समर माझ्यापासून दहा-पंधरा पावलांवर.

एक चेंडू बाहेर गेला. एलिझा तो आणायला जाळ्यामागे गेली. समोरच्या टीमच्या गोलकीपरने दुसरा चेंडू घेऊन लगेच लांब मारला आणि सगळं मैदान त्या बाजूला वळलं. रेफरी, लाइन्समन, प्रेक्षक, सगळ्यांची पाठ इकडे. समर आणि त्याला अडवणारा समोरच्यांचा बॅक दोघंही वळून पळाले आणि एकमेकांवर आदळले. बॅकच्या खांद्यावर समरचं डोकं बसलं. मला आवाज आला. समर खाली पडला, हात अंगाखाली ताठ झाला आणि दोन सेकंद तो हललाच नाही. मग बॅकने त्याला उचललं, पाठीवर थाप मारली आणि निघून गेला.

मी घड्याळ पाहिलं आणि कार्डावर लिहिलं, '४१. समर, डोकं.' गोदामातली सवय. काही पडलं, आपटलं की पहिल्यांदा वेळ लिहायची, मग विचार करायचा.

तो उभा होता, पण पाय लांब टाकून, बोटीत उभा राहिल्यासारखा. द्रौपदीने मला दाखवलं होतं ते, टीव्हीवर मॅच बघताना. हे असं उभं राहिलं की संपलं, बाहेर.

मी लाईनकडे पाहिलं. क्विलने पाहिलं होतं. तो चेंडूकडे कधी बघत नाही, आपल्या फॉरवर्डकडे बघतो. फिजिओ मुलीने बॅग उचलली आणि दोन पावलं टाकली. क्विलने बॅगेच्या पट्ट्यावर हात ठेवला. तिकडे न बघता नुसता हात ठेवला. ती थांबली.

त्यांच्याकडे एका गुणाची आघाडी होती.

माझं काम काय ते मला माहीत होतं. हात वर करायचा, हिलेलला बोलवायचं, सांगायचं. मी हात वर केला नाही.

का केला नाही तेही लिहितो. मला तिथल्या तिथे सगळं दिसलं. मी सांगितलं तर समर बाहेर जाईल, क्विल ओरडेल, हरले तर मागच्यासारखंच आमच्या नावावर लागेल. गप्प राहिलो तर समर आणखी एक धक्का खाऊन पडेल, आणि पडला तर तीनशे माणसांसमोर पडेल. स्ट्रेचर येईल. मग सगळ्या मैदानाला कळेल की मागच्या वर्षी ती बाई बरोबर होती. क्विलला लपायला जागा राहणार नाही. मला फक्त उभं राहायचं होतं.

मी उभा राहिलो.

बेचाळिसाव्या मिनिटाला समोरच्यांनी बरोबरी केली. एलिझा परत आली, काय झालं म्हणाली, मी म्हटलं काही नाही. चव्वेचाळिसाव्या मिनिटाला समरकडे पास आला, तो त्याच्या छातीवर आपटून गेला, त्याने हातच उचलले नाहीत. लोक हसले. क्विल ओरडला, "जागा हो, समर!" सेहेचाळिसाव्याला दोघा बॅकच्या मधे तो अडकला आणि कशाबशा खांद्याने निसटला. माझी मूठ झेंड्यावर घट्ट झाली. मी म्हणत होतो, आता.

मग तो चालत माझ्याकडे आला. चेंडू दुसरीकडे होता. त्याने माझा खांब धरला.

"काका," तो म्हणाला, "काकी कुठे गेली? बोलव ना तिला."

मी कार्डाकडे पाहिलं.

"तिला सांग, ग्लोव्ह्ज दे. आय ॲम फाइन. फक्त ग्लोव्ह्ज दे म्हणावं."

ग्लोव्ह्ज त्याच्या हातात होते. त्याच हातांनी तो खांब धरून उभा होता. तो मला विनवत होता, बारा वर्षांचा असताना आईस्क्रीमसाठी विनवायचा तसा. आणि डोळे माझ्यावर नव्हते, माझ्या मागे लाईनवर तिला शोधत होते.

मी झेंडा टाकला आणि दोन्ही हात वर केले. हिलेलची शिट्टी वाजली. सत्तेचाळिसावं मिनिट.

"डोक्याला लागलंय," मी सांगितलं. "जोरात. त्याला बाहेर काढ."

हिलेलने समरला दोन प्रश्न विचारले आणि स्वतः त्याला धरलं. क्विल धावत आला. "कोण म्हणतंय? कोणी पाहिलं? धक्का कुठे लागला?" मग मला बघून थांबला. त्या क्षणी त्याला आठवलं. ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

"आमची माणसं बाहेर काढायचं कंत्राट घेतलंय का तुमच्या घराण्याने?" तो म्हणाला. "ती गेली, आता तू?"

"लाईनच्या मागे जा, फिनबार," हिलेल म्हणाला. "आणि एक शब्द बोललास तर कार्ड काढतो."

समरला ॲम्ब्युलन्समधून नेलं. आणि समरशिवाय ते दोन गुणांनी जिंकले. शेवटचे दोन गुण माझ्याच खांबावरून झाले. दोन्ही वेळा पांढरा झेंडा मीच वर केला. क्विलने कप उचलला आणि फोटोत हसला.

*

मॅचनंतर रेफरी अंपायरची कार्डं गोळा करतो, आपल्या कार्डाशी ताडून बघायला. हिलेलने माझं कार्ड गाडीच्या बॉनेटवर ठेवलं आणि चष्मा लावला. मी सगळं मराठीत लिहितो. हिलेलला मराठी वाचता येतं.

तो एका जागी थांबला.

"एकेचाळीस?"

"हो."

"तू मला सत्तेचाळीसला बोलावलंस."

"हो."

त्याने चष्मा काढला. "मी तुला जानेवारीत विचारलं होतं, बबन."

"विचारलं होतंस."

"हे कार्ड माझ्याशिवाय आणि एलिझाशिवाय इथे कुणाला वाचता येणार नाही. रिपोर्टमध्ये सत्तेचाळीस लिहिलं तर तुझ्यावर काही येत नाही. क्विलवरही येत नाही. तो म्हणेल, समजलं तेव्हा काढला. एकेचाळीस लिहिलं तर दोघंही जाता."

"क्विलने बॅग धरली होती. मी पाहिलं."

"मग तेही लिहावं लागेल. कुणी पाहिलं, कधी पाहिलं, आणि पाहून काय केलं."

"लिही," मी म्हटलं.

"तुला कळतंय का, मी तुझ्यावर किती..." त्याने वाक्य सोडून दिलं आणि रिपोर्टचा फॉर्म काढला. एलिझा गाडीत बसली होती. तिने काच खाली केली, माझ्याकडे पाहिलं आणि काच वर केली.

समरच्या डोक्यात थोडा रक्तस्राव झाला होता. दोन दिवस ठेवून घरी सोडलं. वर्षभर खेळायचं नाही, महिनाभर स्क्रीन नाही, उजेड नाही.

चौकशी ऑगस्टमध्ये मिल्टन कीन्सला झाली, एका हॉटेलच्या मीटिंग रूममध्ये. टेबलामागे तिघं बसले होते. फिजिओ मुलीने रडत सांगितलं की हो, बॅग धरली होती. क्विल म्हणाला, "मी साठ मीटरवर होतो. हा माणूस दहा पावलांवर होता. त्याने सहा मिनिटं तोंड का उघडलं नाही, हे कुणी विचारणार आहे का?"

चेअरमनने मला विचारलं.

"मला तो पोरगा पडायला हवा होता," मी म्हटलं. "म्हणजे तुम्हाला माझी बायको कळली असती."

चेअरमनने ते लिहून घेतलं.

क्विलला अठ्ठेचाळीस आठवडे बंदी. मी पुन्हा कुठल्याही मैदानावर अंपायर म्हणून उभं राहायचं नाही. हिलेलला समज. तो नंतर न बोलता निघून गेला, आणि फोन केला तर उचलत नाही.

मी उठलो नाही. म्हटलं, "आणि द्रौपदीचं? मागच्या वर्षीचा तो मेल? तो मागे घ्या."

चेअरमनने फाइल चाळली. म्हातारा माणूस होता, वाईट नव्हता. म्हणाला, "ते आम्हाला उघडता येणार नाही. त्यात खेळाडूचं स्वतःचं निवेदन आहे. सही केलेलं. त्याला काहीही लागलं नव्हतं आणि तुमच्या पत्नीने त्याला काही न विचारता बाहेर काढलं, असं. खेळाडूच म्हणतोय तर आम्ही काय करणार?"

*

समर दुसऱ्या दिवशी दुपारी आला. मीच बोलावलं होतं. काळा चष्मा लावून दोन घरांचं अंतर भिंतीला हात लावत चालत आला. किचनमध्ये बसला.

"काका, ब्लाइंड खाली कराल? डोकं दुखतंय."

मी ब्लाइंड खाली केला.

"तू कमिटीला लिहून दिलं होतंस?"

त्याने चष्मा सरळ केला. मग म्हणाला, "फिनबारने टाइप केलेलं. मी साइन केलं."

"वाचलं होतंस?"

"हो."

"काय होतं?"

"की आय वॉज फाइन. की काकीने काहीच विचारलं नाही मला, डायरेक्ट बाहेर काढलं." त्याने चष्म्याखाली बोटं घालून डोळे दाबले. "तो म्हणाला, साइन कर, नाहीतर नेक्स्ट इयर पॅनेलमध्ये नाही. मला खेळायचं होतं, काका. दॅट्स इट. दुसरं काही नव्हतं."

"काकीला माहीत होतं?"

"त्या मेलला अटॅच होतं ते. कॉपी तिला पण गेली."

मी सिंकपाशी उभा होतो. तिने मला मेल वाचून दाखवला होता. हे दाखवलं नव्हतं. पोरगा बरा असेल कदाचित, असं ती म्हणाली तेव्हा तिच्या डोक्यात क्विल नव्हताच. क्विलला ती कुठे जुमानत होती? बारा वर्षांचा असल्यापासून ज्याने तिला काकी म्हणून हाक मारली, त्याने लिहून दिलं होतं की मी बरा होतो.

"तिने तुला कधी विचारलं?"

"नाही. नेव्हर. हॉस्पिटलमध्ये पण मला म्हणाली, जेवलास का." मग म्हणाला, "मम्मीने मला सांगितलं, तुम्ही हिअरिंगला काय बोलला ते. सिक्स मिनिट्स. मी तरी आलो ना, काका. वी आर क्विट्स? हिशोब संपला?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्या क्षणी मला वाटलं, सहा मिनिटं कमीच झाली. मी हे मनात येऊ दिलं आणि त्याची मला लाज वाटली नाही.

"नाही," मी म्हटलं. ड्रॉवरमधून कागद काढला, पेन काढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. "लिही. ते निवेदन खोटं होतं. क्विलने टाइप केलं. तू सही का केलीस. सगळं."

"आत्ता?"

"आत्ता."

"मला पण बॅन करतील. मे बी फॉर एव्हर."

"करतील."

"काका, स्क्रीन, वाचणं, लिहिणं, काहीच अलाउड नाहीये. डॉक्टरने..."

"कागदाला स्क्रीन नाही. लिही."

त्याने चष्मा वर केला आणि लिहायला सुरुवात केली. अक्षर मोठं, ओळ खाली खाली जाणारी. मी खुर्चीमागे उभा राहून वाचत होतो. पाच ओळींनंतर त्याने थांबून कपाळ टेबलावर टेकलं. घाम आला होता. "फाइव्ह मिनिट्स, काका. सगळं फिरतंय."

मी ग्लासात पाणी दिलं. त्याने दोन घोट घेतले. पेन खाली घरंगळलं होतं. द्रौपदी असती तर तिने कागद बाजूला सारला असता, त्याला सोफ्यावर आडवं केलं असतं आणि मला खोलीबाहेर काढलं असतं. मला ते चांगलं ठाऊक होतं. मी वाकून पेन उचललं आणि त्याच्या बोटांत दिलं.

"तिने तुला स्कोअर विचारला होता, तेही लिही," मी म्हटलं. "आणि तू चुकला होतास."